स्थलांतर नाही

माझ्या नाकावर राग असतो, हे बीडच्या आमच्या गल्लीपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. लग्नाआधी आई म्हणायची, सासरी हिचं कसं व्हायचं! सासरी ठीकच झालं, बिचारा नवरा गप्प बसायला शिकला. पण त्याच रागापायी एकदा एका पोरीचं अख्खं वर्ष वाया जायची वेळ आली होती, आणि तेही माझ्या सहीनं. आता नोकरी संपली, पेन्शन चालू झाली, तेव्हा सांगायला हरकत नाही.

मी तेव्हा शिरूर कासारच्या रस्त्याला एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. सातवीपर्यंतची शाळा. दसरा झाला की गावात मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या लागायच्या आणि नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघायच्या. अशा जोडीला तिकडं एक कोयताच म्हणतात. कोयता निघाला की पोरं त्याच्या मागं. दिवाळीनंतर माझ्या वर्गात अर्धी पोरं उरायची. गेलेली गुढीपाडव्याला परत यायची तेव्हा पाढे विसरलेली, हातापायांवर उसाच्या पाचटानं कापल्याचे ओरखडे, आणि वर्गात बसायला लाजणारी. मला ते बघवायचं नाही. मग मी त्यांच्यावरच ओरडायचे. आहे स्वभाव, काय करता!

हे थांबवायला सरकारनं हंगामी वसतिगृह काढलं होतं. नाव वसतिगृह, पण खोल्या-खाटा काही नाही. आईबाप कारखान्यावर गेले तरी पोरानं गावात आजा-आजीकडं राहायचं, शाळेत यायचं, आणि सकाळ-संध्याकाळ शाळेतच जेवायचं. दुपारची खिचडी होतीच. खर्च सगळा सरकारचा. अट एकच. गाड्या हलायच्या आत आम्ही घरोघर फिरून कोण जाणार, त्याची यादी करायची आणि तालुक्याला द्यायची. ज्याचं नाव यादीत, त्याचं ताट. यादीत नाही, तर नाही.

त्या साली सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. पोळ्याला लोकांनी बैल धुतले नाहीत, ओल्या फडक्यानं पुसले. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि तो दिसला की बायकांचे हंडे पुढं व्हायच्या आधी आवाज चढायचे. गावाबाहेरच्या माळावर दूध सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. सोसायटीचे चेअरमन गावातले मोठे बागाईतदार. बाग वाळून कोळसा झाली होती, पण बागाईतदार ते बागाईतदारच. छावणीत प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, सकाळ-संध्याकाळ मोजणी, वेळच्या वेळी चारा. ते बघून माझं पित्त खवळायचं. गाईगुरांची मंजुरी आली, आणि आमच्या पोरांची फाईल अजून टेबलावर लोळतेय, असं मी स्टाफरूममध्ये रोज म्हणायचे. मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, आधी यादी तर करा."

सहावीत एक पोरगी होती. घरात तिला थोरली म्हणायचे, मीही तेच म्हणते. काळी, काटकुळी, आणि जिभेला हाड नाही. मी फळ्यावर गुणाकार केला की मागून आवाज यायचा, "बाई, हातचा ऱ्हायला." एकदा चिडून म्हटलं, "ये, तूच शिकव." आली की! माझ्या हातातून खडू घेतला, बापाच्या आवाजात "गप बसा रं" म्हणून पोरांना दटावलं, आणि गणित सोडवून दाखवलं. मला राग यायला पाहिजे होता, पण हसू आलं. त्या पोरीवर माझा जीव होता हे उघड सांगते. वर्गात सगळी सारखी वगैरे म्हणायच्या गोष्टी झाल्या.

यादी करायला मी भाद्रपदात निघाले. पहिल्या घरी विचारलं, "औंदा जाणार का तोडीला?" बाई म्हणाली, "न्हाई बाई." दुसऱ्या घरी न्हाई. तिसऱ्या घरीही न्हाई. ज्या गावातून दरसाल गाड्या भरून माणसं जातात, त्या गावात औंदा कुणीच जाणार नव्हतं! ओट्यावर पत्र्याच्या पेट्या बांधलेल्या, मिरच्या कांडून ठेवलेल्या, आणि तोंडानं न्हाई. ऊन रणरणतंय, पाण्याची बाटली संपलेली. काही घरी मी गोड बोलले, काही घरी भांडले, तेव्हा कुठं वीसेक नावं निघाली.

थोरलीच्या घरी पोचले तेव्हा माझं डोकं तापलेलंच होतं. तिचा बाप अंगणात बसून कोयत्याला धार लावत होता. शेजारी दुसरा कोयता, बायकोचा. थोरली दारात तान्ह्या भावाला काखेत घेऊन उभी. म्हातारा आजा घरात नव्हता, तो गाय घेऊन छावणीवर राहायला गेला होता. मी विचारलं, "जाणार ना?"

"न्हाई जात औंदा."

"मग हे कोयते कशाला?"

"दसऱ्याला पुजाया."

तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं, तेही तोंडावर, तेही हातात धारेचा कोयता धरून! मी म्हटलं, "अहो, पोरीच्या भल्याचं विचारतेय. तिच्या जेवणाची सोय सरकार करतंय. हो म्हणायला काय जातं तुमचं?" तो मान खाली घालून धार लावत राहिला. परत म्हणाला, "न्हाई म्हंलं ना बाई." थोरलीकडं मी बघितलंसुद्धा नाही. वही उघडली, तिच्या नावापुढं लिहिलं, 'स्थलांतर नाही', आणि खाली रेघ ओढली. मनात म्हटलं, खोटं बोलता काय, मग भोगा. दुसऱ्या दिवशी यादी सहीशिक्क्यासकट तालुक्याला गेली.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी गाडी लागली. थोरलीच्या घरचे गेले. आई, बाप, तान्हं आणि थोरली. मी शाळेत होते, मला कुणी सांगितलंही नाही. हजेरी घेताना तिच्या नावाला उत्तर आलं नाही, आणि एक पोरगा म्हणाला, "ती गेली बाई, सकाळच्याला." मी पुढचं नाव घेतलं. वरवर घेतलं, पण दिवसभर एक धडा धड शिकवला नाही.

दिवाळीनंतर मंजुरी आली. वाण्याच्या दुकानातले आप्पा, गळ्यात लिंग घालणारे, कपाळाला भस्म, त्यांनी अनुदानाची वाट न बघता पीठ-डाळ पाठवली. म्हणाले, "पोरांना आधी जेवू द्या, कागदाचं मागून बघू." शाळेत जागा अपुरी, म्हणून सोसायटीनं आपला हॉल दिला. संध्याकाळी वीस पोरं ओळीनं बसून भाकरी-आमटी खायची, आणि मला ते बघून खरंच भरून यायचं. पण एक गोष्ट सलायची. ह्या ओळीत ती असायला पाहिजे होती. आजा गावात होता, घर होतं, जेवण होतं. नव्हतं फक्त यादीत नाव.

एका रविवारी मी छावणीवर गेले. म्हाताऱ्याला शोधलं. डोळ्यांना कमी दिसायचं त्याला, गाईच्या पाठीवर हात ठेवूनच चालायचा. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. म्हटलं, "आजोबा, तुमच्या पोरानं खोटं का सांगितलं मला?"

म्हातारा म्हणाला, "गाईपायी, बाई."

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. गावात बोलवा उठली होती की सरकार दोन याद्या करतंय. एक छावणीची, एक गाव सोडून जाणाऱ्यांची. ज्याचं नाव जाणाऱ्यांच्या यादीत येईल, त्याचं जनावर छावणीतून हाकलणार, मालकच गावात न्हाई तर चारा कुणासाठी, म्हणून. "गाय गेली असती तर आमी काय केलं असतं, बाई? दुभती हाय. तिच्यावर घर हाय. पोरानं लई इचार केला. दोन दिस भाकर खाल्ली न्हाई. मंग म्हनला, गाय ऱ्हाऊ द्या, पोरगी संगट नेतो."

मी तिथंच चाऱ्याच्या पेंढीवर बसले. खरं सांगू? मला लाज वाटली. त्या दिवशी मी सगळ्या गावाला "का नाही" म्हणून ओरडले होते, पण "का बरं न्हाई म्हणताय" असं एकदाही शांतपणे विचारलं नव्हतं. उठले, तडक चेअरमनकडं गेले. म्हटलं, "तुमच्या छावणीत असा नियम आहे?" ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "कुणी सांगितलं? घरातलं एक माणूस जनावरापाशी असलं की बास. म्हातारा हाय की तिथं. आन् पोरांच्या यादीचा आमच्याशी काय संबंध?" मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "आरं देवा! म्हणून आमच्या वस्तीवरच्या बायाबी न्हाई म्हणत व्हत्या व्हय!" संध्याकाळी त्यांनी छावणीत माईकवरून सांगितलं, की पोरांच्या यादीनं कुणाचं जनावर निघत न्हाई. दीड महिना उशिरा, पण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तालुक्याला गेले. गटशिक्षणाधिकारी साहेब शांत माणूस होते. म्हणाले, "बाई, यादी तुमची, सही तुमची. आता नाव घालायचं तर तुमची नोंद चुकली असं तुम्ही लेखी द्यायला पाहिजे."

"देते."

"कारणे दाखवा नोटीस निघेल."

"निघू द्या."

"कारण काय लिहिणार?"

मी म्हटलं, "मला माहीत होतं ते जाणार आहेत. तरी रागानं 'स्थलांतर नाही' असं लिहिलं."

शेजारचा क्लार्क खुदकन हसला. साहेब हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "राग हे कारण कुठल्या परिपत्रकात बसत नाही बाई. पण खरं आहे म्हणता, तर लिहा." मी लिहिलं. नोकरीत तोवर एक डाग नव्हता माझ्यावर. साहेबांनी खाली शेरा मारला, नाव समाविष्ट करावे. वर म्हणाले, "पोरगी पंधरा दिवसांत जेवणाच्या ओळीत प्रत्यक्ष दिसली पाहिजे. नाहीतर नाव आपोआप जाईल, आणि मग मलाही काही करता यायचं नाही."

मुकादमाला फोन लावला. त्यानं थोरलीच्या बापाला दिला. मी यादीचं सांगितलं, गाईला धक्का नाही हेही सांगितलं. तो लांबून ओरडून म्हणाला, "आता कसं बाई? ती आली तर बारक्याला कोन बगंल?" आणि फोन कट झाला. परत लावला तर लागेना. पंधरातले सहा दिवस असेच गेले. नवऱ्याला म्हटलं, मी जाऊन येते. तो म्हणाला, "दुसऱ्याच्या पोरीसाठी?" मी फक्त बघितलं त्याच्याकडं. मग त्यानंच डब्यात चपात्या बांधून दिल्या.

बीडहून पहिल्या गाडीनं निघाले, सोलापूरच्या पलीकडं एका सहकारी कारखान्याच्या पट्ट्यात दुपारी पोचले. इकडं माझ्या गावी पिण्याला पाणी नाही, आणि तिथं कॅनॉल भरून वाहत होता, दोन्ही बाजूंनी हिरवागार ऊस. माझा जीव जळला, पण त्या मातीचा काय दोष? कॅनॉलच्या कडेला कोप्या होत्या, बांबू आणि चटयांच्या झोपड्या, कंबरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नाही अशा. मोठी माणसं उसाच्या फडात तोडीला गेलेली. कोप्यांपाशी पोरंच पोरं. थोरली एका दगडावर बसून भावाला मांडीवर थोपटत होती.

मला बघून ती उठली नाही. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी पोरगी भावाला थोपटतच राहिली. हातांवर ओरखडे होते. मी म्हटलं, "थोरले, तुला न्यायला आलेय." तर म्हणाली, "बारकं आत्ता झोपलंय, हळू बोला." मला तिच्यापुढं उभं राहवेना.

तिला आणि बारक्याला घेऊन फडात गेले. बाप मोळ्या बांधत होता, आई ऊस तोडत होती. गाडी भरायची घाई, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. बापानं कपाळाचा घाम पुसला आणि पहिलं काय विचारलं असेल? "गाय कशी हाय?"

मी म्हटलं, "कानात बिल्ला घालून ऐटीत उभी आहे. तुमचे वडीलही बरे आहेत."

त्याच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. मी हात जोडले. आयुष्यात कुणापुढं हात जोडले नव्हते मी, तिथं जोडले. म्हटलं, "चूक माझी आहे. तुम्ही का खोटं बोलताय ते मी विचारलं नाही. आता पोरीला माझ्यासंगं पाठवा. रात्री आजोबांपाशी राहील, जेवण, शाळा, सगळं होईल. शनिवार-रविवारी मी स्वतः बघेन." तो म्हणाला, "तुमची कसली चूक बाई, खोटं तर मी बोललो." मग तान्ह्याकडं बघून, "पर ह्याचं काय? उसाच्या सरीत ठिवावं, तर इचूकाटा हाय."

हॉर्न वाजत होता. बारक्याचं जेवण कुठल्याच यादीत नव्हतं. तीन वर्षांच्या आतल्या पोराला माझी शाळा कशी घेणार? पहिल्यांदाच मला वाटलं, मी उगाच आले. थोरलीच्या आईला मी काय सांगणार आहे, की तुझा मदतीचा हात मी घेऊन जाते आणि तू साप-विंचवात तान्हं ठेव?

तेवढ्यात आईनं कोयता खाली टाकला. थोरलीच्या काखेतून बाळ घेतलं, डोक्याचा पदर सोडून त्याची झोळी केली, पाठीला आवळून बांधली. आणि मला म्हणाली, "बारकं माजं हाय, मी बगते. ही तुमची." मग वाकून कोयता उचलला आणि परत तोडायला लागली.

बापानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोळ्यांकडं गेला.

थोरलीचं सामान म्हणजे एक पिशवी. आम्ही बांधावरून रस्त्याला लागलो. पन्नास पावलं गेलो असू, मागं बारकं रडायला लागलं. रोज जिच्या काखेत असायचं ती दूर चालली होती. थोरली थबकली. फडातून आईचा आवाज आला, मोठ्यानं, चिडल्यासारखा, "चाल गं! मागं बगू नको!" पोरगी चालायला लागली. तिनं मागं बघितलं नाही. मीच बघितलं. आई पाठ करून ऊस तोडत होती, पाठीवरचं पोर हात हलवून रडत होतं.

एसटीत ती खिडकीशी बसली. मी नवऱ्यानं दिलेल्या चपात्या पुढं केल्या, तिनं नको म्हटलं. बराच वेळ बाहेर बघत रडली, आवाज न करता. मग तिनं फ्रॉकला नाक पुसलं आणि विचारलं, "बाई, यादी दरसाल करावी लागती का?"

"हो. दरसाल."

"पुढल्या साली पन तुमीच येताल?"

"मीच येईन."

"मंग मला इचारा," ती म्हणाली. "बाबाला नगं. मी व्हते ना तितं उभी."